निळ्या डब्यातले एक्केचाळीसावे पत्र

३ मार्च, मंगळवार

मी रोजनिशी लिहिणाऱ्यांपैकी नाही. जे छापता येणार नाही ते लिहू नये, वेळ जातो, असे तीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आले. पण सहावे प्रकरण महिनाभर अडून बसले आहे आणि मुलाखतींच्या टिपणांत माझे मनातले शेरे घुसू लागले आहेत. ते टाकायला ही वही. पुस्तक संपले की वही बंद.

पुस्तक रेडिओवरच्या जाहिरातींच्या इतिहासाचे. निवृत्तीनंतरची दोन वर्षे त्यात गेली. सहावे प्रकरण ‘दुपारची मावशी’ या कार्यक्रमावर आहे. सत्तावन्न वर्षांपूर्वी रोज दुपारी दोनला बायका हातातले काम टाकून रेडिओपाशी बसत. मावशी त्यांची पत्रे वाचून दाखवी आणि सल्ला देई. नवरा बोलत नाही, मूल रडते, सासू टोचून बोलते. आणि सल्ल्याच्या शेपटाला, अगदी घरच्या बाईने सांगावे तसा, निळ्या डब्याचा उल्लेख येई. बाळांची दूधभुकटी. कार्यक्रम त्या भुकटीच्या कंपनीचा होता हे बहुतेकींना ठाऊकच नव्हते.

मावशी आता अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडले ते एका वाळक्या, ठेंगण्या बाईने, आणि तिच्या तोंडून मावशीचा आवाज आला. मी दारातच थांबले.

“आत या, आत या. आवाज तेवढा उरलाय. बाकीचं सामान गेलं.”

दोन तास बोलल्या. स्टुडिओतल्या भिंतींना गाद्या कशा ठोकलेल्या होत्या, उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून कसे वाचावे लागे. मी मुद्द्यावर आले. भुकटीबद्दल तक्रारीची पत्रे येत का?

“यायची ना. माझ्या खोकल्याबद्दल यायची.”

हुशार बाई आहे. मला अशा हुशार बायका चांगल्या ठाऊक आहेत. भुकटी पातळ करून पाजली गेल्याने मुले वाळली, हे दवाखान्यांच्या जुन्या नोंदींवरून मी सिद्ध करू शकते. पण मावशीला ते माहीत होते, हे सिद्ध झाले तरच प्रकरण उभे राहते. संपादकांना महिनाअखेर हस्तलिखित हवे आहे.

अर्पणपत्रिका मात्र केव्हाच तयार आहे: ‘आईस, जिला एका आवाजाने फसवले.’

५ मार्च, गुरुवार

धाकट्याच्या दुकानाची पायरी पुन्हा खचली. गवंड्याला बोलावून समोर उभे राहून करून घेतली. उंची चार बोटांच्या वर जाता कामा नये, हे त्याला तीनदा सांगावे लागले.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, खालच्या मजल्यावर राहतो, रस्त्याच्या बाजूला त्याचे चष्म्याचे दुकान. लहानपणी हाडे कच्ची राहिली. दोन्ही पाय गुडघ्यापासून बाहेर वाकलेले, उंची माझ्या खांद्याएवढी. गिऱ्हाइकांना सांगतो, “आमच्या ताई प्राध्यापिका, मोठमोठी वाक्यं लिहितात. मी आपला कंसातला मजकूर.” आणि पायांकडे बोट दाखवतो. लोक हसतात. मला हसू येत नाही.

“ताई, ह्या पायरीची तू किती वर्षं काळजी करणार? पडलो तर पडलो. जमीन मला तुझ्यापेक्षा जवळ आहे.”

मी म्हटले, पाठीचा पट्टा बांधलास का आधी सांग.

मग त्याने विचारले, “ही मावशी आपलीच ना? आई ऐकायची ती?”

“सगळ्यांचीच आई ऐकायची,” मी म्हटले आणि गवंड्याकडे वळले.

१० मार्च, मंगळवार

मिळाले. जे हवे होते ते सगळे मिळाले.

मावशी आज थकलेल्या होत्या. पाऊण तास इकडचे तिकडचे झाले. मग त्यांनी टेबलावरच्या रेकॉर्डरकडे पाहिले. “ते बंद कर गं जरा. एक सांगते, पण ते तुझ्या पुस्तकासाठी नाही. तुझ्यासाठी.”

मी हात पुढे केला. रेकॉर्डरवर वही ठेवली. लाल दिवा वहीखाली गेला.

मग त्या बोलल्या. पत्रांचे दोन गठ्ठे असत. एक वाचायचा, एक न वाचायचा. पाच पत्रांमागे एक तरी असे असे, की बाळ डब्यावर धरत नाही, हातपाय काड्यांसारखे झाले, काय करू. दर शुक्रवारी कंपनीचा माणूस येई आणि दुसरा गठ्ठा पिशवीत घालून घेऊन जाई. “मला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “नव्हतं असं आता म्हणवत नाही. मी पहिल्या गठ्ठ्यातलंच वाचत राहिले. माझाही संसार होता. पण घरी येऊन मी माझ्या लेकीला तो डबा कधी दिला नाही.”

हे शेवटचे वाक्य त्यांनी अगदी रेडिओवर बोलावे तसे स्वच्छ उच्चारले. एकही अक्षर वाया गेले नाही.

जिना उतरताना माझे पाय हलके झाले होते. सदुसष्टाव्या वर्षी हे बरे नव्हे.

११ मार्च, बुधवार

सबंध दिवस ध्वनिमुद्रण उतरवून काढले. आवाज वहीखालूनही स्वच्छ आला आहे.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. ‘बंद करते’ असे मी म्हटले नव्हते. त्यांनी सांगितले, मी हात पुढे केला, एवढेच. त्यांनी काय समजावे हे त्यांच्यावर होते. शिवाय ज्या बाईने हजारो आयांना अर्धी गोष्ट सांगितली, तिच्याशी पूर्ण प्रामाणिक राहण्याचा करार माझ्यावर कोणी लादलेला नाही.

मुलाखतीच्या नीतीवर मी दरवर्षी एक तास घेत असे. त्या टिपणातला चौथा नियम: सांगणाऱ्याने थांबवले की यंत्र थांबवावे. या नियमावर एका मुलीचा प्रबंध मी परत केला होता. ती रडली होती. मी तिला पाण्याचा पेला दिला आणि निर्णय बदलला नाही.

चौदा पाने झाली. अक्षर चांगले आले.

१३ मार्च, शुक्रवार

प्रकरण संपादकांना पाठवले. तासाभरात त्यांचा फोन. “बाई, हेच हवं होतं! ‘लेकीला तो डबा कधी दिला नाही’... मी पुन्हा पुन्हा वाचलं. मागच्या पानावर हेच वाक्य टाकू.”

“टाका,” मी म्हटले.

१४ मार्च, शनिवार

रेडिओ केंद्राच्या तळघरात. त्या काळी प्रसारणाची नोंदवही ठेवत: तारीख, कोणते पत्र वाचले, जाहिरात किती वेळा. धुळीने डोळे चुरचुरले. जानेवारी ते एप्रिल पूर्ण पाहिले, जून ते डिसेंबर पूर्ण पाहिले. मे महिना राहिला. एका महिन्याने आकडेवारीत फरक पडत नाही.

तिथला ग्रंथपाल म्हणाला, “मे पण काढून ठेवलाय, बाई. इथेच आहे, तुमच्या कोपरापाशी.”

“कळलं मला,” मी म्हटले. जरा तुटकच बोलले. त्याचा काही दोष नव्हता.

१७ मार्च, मंगळवार

मावशींकडे निरोपाची भेट. काम झाले होते, पण न जाणे बरे दिसले नसते.

त्यांनी कपाटाच्या तळातून एक डबा काढायला लावला. निळा डबा. रंग उडालेला, झाकण गंजलेले, बाजूवरचे गुटगुटीत बाळ अजून हसत होते. मला तो हातात घेववेना. मी तो ओढणीने धरला.

“कंपनीच्या माणसापासून चोरलेली पत्रं आहेत यात,” त्या म्हणाल्या. “सगळी नाही जमली. बाह्यांत, पदराखाली, जशी जमली तशी. सत्तावन्न वर्षं कोणाला दाखवली नाहीत. माझ्या लेकीलाही नाही.”

“मला का देता?”

“त्या दिवशी बंद कर म्हटल्यावर तू बंद केलंस. रेडिओतल्या माणसांनी माझ्यासाठी कधी यंत्र बंद केलं नाही बघ. तू केलंस. म्हटलं, हिला द्यावं.”

चहा निवला होता. मी तो उभ्याउभ्या संपवला आणि निघाले.

१९ मार्च, गुरुवार

डब्यात एक्केचाळीस पत्रे आहेत. चाळीस दुसऱ्या गठ्ठ्यातली.

एक पहिल्या गठ्ठ्यातले. त्यातली पहिली ओळ खोडलेली आहे आणि खोडलेल्या भागाभोवती पेन्सिलने गोल काढला आहे. कोणी काढला, कशासाठी, कळत नाही.

आज आणखी लिहीत नाही.

२२ मार्च, रविवार

तीन दिवस कपाटे आवरली. आता आवरायला काही उरलेले नाही, म्हणून लिहिते.

ते पत्र माझे आहे. म्हणजे आईचे. म्हणजे माझेच.

आईला वाचता येत नव्हते. नाव तेवढे लिहिता येई, तेही जीभ दातांत धरून. वडील फिरतीच्या नोकरीवर. धाकटा चार महिन्यांचा होता. आईला दूध पुरेना म्हणून निळा डबा आणला होता आणि पुरवायचा म्हणून ती तो पातळ करी. बाळ वाळत चालले होते. दिवसभर रडे. रडण्याचा आवाजही शेवटी शेवटी बारीक झाला होता. एका दुपारी आई म्हणाली, “लिही मावशीला.” घरात एकच कोरा कागद होता. तिने सांगितले तसे मी लिहिले: ‘मावशी, बाळ डब्याच्या दुधावर वाळत चाललं आहे, दिवसभर रडतं, काय करू?’

लिहून झाले आणि माझ्या मनात आले, हे लागणार नाही.

दहा वर्षांची होते, पण तेवढे कळत होते. रोज ऐकून ऐकून मला पाठ झाले होते कोणते पत्र वाचतात. माझ्या वर्गातल्या एकीच्या काकूचे पत्र वाचले होते, तर ती आठवडाभर मान वर करून फिरत होती. मी ती ओळ खोडली. आईने विचारले, “हे काय खोडलंस?” मी म्हटले, “चुकलं होतं.” आणि खाली लिहिले: ‘तुमच्या सांगण्यावरून बाळाला निळ्या डब्याचं दूध सुरू केलं. बाळाने छान बाळसं धरलं आहे. शेजारणी विचारतात, काय देता हो? मी सांगते, मावशीला विचारा.’ सुंदर अक्षरात. आईने खाली नाव लिहिले. तिला वाटले, तिचाच प्रश्न आहे.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र लागले. आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मावशीने आईचे नाव घेतले, गल्लीचे नाव घेतले, पत्र वाचले, ‘किती शहाणी आई’ असे म्हणाली. पत्र संपायच्या आत बायका दारात. आईने माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मी कुठल्याही प्रकरणात लिहिलेले नाही. मग ती उठली आणि आलेल्या बायकांसाठी चहा ठेवला.

उत्तर आले की डबा बंद करायचा की नाही ते ठरवू, असे ती म्हणाली होती. उत्तर आले नाही. कौतुक आले. सगळ्या गल्लीने जिला शहाणी आई ठरवले, तिने दुसऱ्या दिवशी डबा कसा फेकायचा? तो आणखी सात महिने चालला. गल्लीत आणखी चार घरी गेला. त्यांपैकी एका घरातले बाळ पुढच्या थंडीत गेले. ते तापाने गेले असे मी आजवर स्वतःला सांगत आले. तापानेच गेले असेल.

आई मरेपर्यंत म्हणे, “मी पातळ करायला नको होतं.” अकरा वर्षे झाली तिला जाऊन. मी तिच्या उशाशी होते. तेव्हाही मी बोलले नाही.

आणि हे सगळे उरात घेऊन मी तीस वर्षे वर्गात उभी राहून सांगितले, की जाहिरात माणसाच्या तोंडी त्याचे नसलेले शब्द घालते.

२३ मार्च, सोमवार

सकाळी संपादकांना फोन केला. सहावे प्रकरण थांबवा.

“बाई, आता? पानं लागली आहेत. मागचं पान तयार आहे.”

“ते वाक्य चोरलेलं आहे.”

“कोणाच्या पुस्तकातून?”

“पुस्तकातून नाही. बाईच्या तोंडातून.”

मग म्हणाले, पंधरा दिवस थांबतो. भला माणूस. माझ्याकडचा विद्यार्थी असता तर मी त्याला एक दिवस दिला नसता.

२४ मार्च, मंगळवार

मावशींकडे गेले. रेकॉर्डर घरी ठेवला. बसण्याआधीच सांगून टाकले, उभ्याने: यंत्र चालू होते, वही मुद्दाम ठेवली होती, वाक्य छापायला दिले होते, काढून घेतले आहे.

त्यांनी मला खुर्चीकडे बोट दाखवले. मग म्हणाल्या, “मला वाटलंच.”

“तुम्हाला कळलं होतं?”

“अगं, चाळीस वर्षं स्टुडिओत काढली. यंत्र चालू असलं की माणूस कसा बसतो, बंद असलं की कसा बसतो, एवढं मला कळत नाही होय? तू चालू असल्यासारखी बसली होतीस. पण म्हटलं, म्हातारपण आहे, आपल्याच मनाचे खेळ असतील. आणि बंद आहे असंच मला मानायचं होतं.”

मी पत्र काढून त्यांच्यासमोर ठेवले. हे माझे अक्षर, असे सांगितले. पहिली ओळ काय होती, तेही सांगितले.

त्यांनी कागद उचलला नाही. “ती ओळ मला ठाऊक आहे. कागद उजेडात धरून वाचली होती.”

पेन्सिलीचा गोल त्यांचा होता.

“पोराचं अक्षर, हे पहिल्याच ओळीत कळलं. खोडलेलं वाचलं. खालचं खोटं आहे, वरचं खरं, तेही कळलं. आणि त्या दिवशी मला पत्र कमी पडत होतं. म्हणून खालचं वाचलं. वर म्हटलं, किती शहाणी आई.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “आणि कागद घरी आणला. कशाला आणला ते मला आजही सांगता येत नाही.”

मला हलके वाटायला हवे होते. अर्धा भार कोणी उचलला की वाटते म्हणतात.

“ते बाळ?” त्यांनी विचारले.

“चष्म्याचं दुकान आहे. पाय वाकडे आहेत. खालच्या मजल्यावर राहतो.”

“त्याला सांगितलंस?”

“नाही.”

“मग माझ्याकडे आधी कशाला आलीस?” मावशी एकदम कडक झाल्या. माझ्याशी इतक्या कडक आवाजात कोणी बोलल्याला वर्षे झाली. “अर्धा गुन्हा माझ्याकडे ठेवून मोकळी व्हायला? ऊठ. त्याला सांग आणि मग ये.”

मी उठले.

२८ मार्च, शनिवार

चार दिवस धाकट्याला सांगायला गेले आणि चार दिवस दुसरेच काही बोलून आले. बुधवारी पाठीचा पट्टा. गुरुवारी गळणारा नळ. शुक्रवारी त्यालाच कंटाळा आला. “ताई, तुला काही हवंय का? रोज येतेस, उभी राहतेस, जातेस. गिऱ्हाइकांना वाटतं वसुलीला आलीस.”

आज दुकान बंद करायच्या वेळी गेले आणि पत्र त्याच्या काचेच्या टेबलावर ठेवले. त्याने कामाचे भिंग डोळ्याला लावले, कागद दिव्यावर धरला आणि खोडलेली ओळ एका दमात वाचली. पस्तीस वर्षे बारीक गोष्टी पाहण्यातच गेली आहेत त्याची.

मी सगळे सांगितले. खुर्ची असून बसले नाही.

तो भिंग पुसत बसला. ते स्वच्छच होते.

“आईनं सांगितलं होतं मला,” तो म्हणाला. “जायच्या आधी. पत्र लागलं त्याच क्षणी तिला कळलं होतं. म्हणाली, ‘ताईला विचारू नकोस. ती लहान होती. न वाचता सही केली ती मी.’”

“अकरा वर्षं तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तू पायरी करून दिली नसतीस,” तो म्हणाला आणि हसला. मग हसू पुसले गेले. मी त्याला इतक्या वर्षांत असे पाहिलेले नाही. “खरं सांगू? राग होता. मी वाट पाहत होतो तू कधी सांगतेस याची. तू काय, दर वेळी दिवाळखोर माणसासारखी दुसरंच काहीतरी आणून द्यायचीस. बूट. पट्टा. पायरी. तू पुस्तकाची अर्पणपत्रिका वाचून दाखवलीस ना, ‘एका आवाजाने फसवले’, तेव्हा मी विचारणार होतो, कोणाच्या गं आवाजानं?”

त्याने भिंग टेबलावर ठेवले.

“एकच विचारतो. तू ती ओळ खोडलीस तेव्हा मी रडत होतो का?”

“हो.”

“ऐकू येत होतं?”

“हो.”

त्याने मान हलवली, गिऱ्हाइकाने नंबर बरोबर सांगितल्यावर हलवतो तशी. कागद नीट घडी करून मला परत दिला. मग दिवे मालवले, शटर ओढले आणि पायरी उतरताना माझ्याकडे हात पुढे केला नाही. एकटा उतरला. भिंतीला धरून.

३१ मार्च, मंगळवार

तीन दिवस धाकटा बोलला नाही. मी खाली गेले नाही. पायऱ्यांवर त्याच्या पावलांचा आवाज येतो तो ऐकते. एक जड, एक हलका.

अर्पणपत्रिका खोडली. खोडताना कागद फाटला.

सहावे प्रकरण नव्याने लिहिते आहे. त्यात पत्र क्रमांक एक्केचाळीस आहे, लिहिणारीच्या माहितीसकट. मावशींचे त्या दिवशीचे एकही वाक्य नाही. पाने चौदाची सहा झाली आहेत आणि ती सहाही मला वाचवत नाहीत.

२ एप्रिल, गुरुवार

सकाळी दारावर टकटक. धाकटा. चांगला सदरा, पायांत मी करून आणलेले बूट.

“चल. मला ती बाई बघायचीय.”

“तिसरा मजला आहे. लिफ्ट नाही.”

“मला पाय आहेत,” तो म्हणाला.

जिन्याला वीस मिनिटे लागली. मी मागे होते. दोनदा हात पुढे गेला, दोनदा मागे घेतला.

मावशींनी दार उघडले आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग पायांकडे. नजर चुकवली नाही. तो म्हणाला, “मावशी, मी तुमचं जुनं पत्र. वेळेवर पोचलो नाही.”

त्या त्याला हाताला धरून आत घेऊन गेल्या. कोणीच माफी मागितली नाही. चहा झाला. त्याने त्यांचा चष्मा काढून घेतला, काचा पाहिल्या आणि म्हणाला, “हा नंबर कुठल्या शतकातला आहे?”

मग मावशी माझ्याकडे वळल्या. “यंत्र आणलंयस?”

आणले होते. पिशवीतच होते, बंद.

“चालू कर. टेबलावर ठेव, दिसेल असं. आणि ते पत्र दे.”

लाल दिवा लागला. त्यांनी चष्मा लावला, पाठ ताठ केली, घसा साफ केला. मग तोच आवाज आला, दुपारी दोनचा, एकही दिवस न म्हातारा झालेला. आईचे नाव घेतले. गल्लीचे नाव घेतले. आणि खोडलेली ओळ वाचली.

“‘मावशी, बाळ डब्याच्या दुधावर वाळत चाललं आहे, दिवसभर रडतं, काय करू?’”

कार्यक्रमात पत्रानंतर क्षणभर विराम असे, मग सल्ला. मावशी थांबल्या. थांबूनच राहिल्या.

धाकट्याने विचारले, अगदी हळू, “मग? काय करावं म्हणतात मावशी?”

त्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही. सरळ समोर पाहिले, जिथे स्टुडिओत मायक्रोफोन असे.

“बाई गं, डबा आजच बंद कर. बाळाला घे आणि डॉक्टरकडे जा. कोण काय म्हणेल ते बघू नकोस. माझंसुद्धा ऐकू नकोस.”

मग त्यांनी कागद खाली ठेवला. “झालं. बंद कर आता.”

मी बंद केले. लाल दिवा विझला. तो विझलेला तिघांनी पाहिला.